'आय विल ऑल्वेज लव्ह यू': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या गाण्याबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे जरा गुंतागुंतीचे. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे सापडत असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. हे मूळ गाणं व्हिटनी ह्यूस्टनचंच ना?

नाही. शब्द आणि चाल दोन्ही अमेरिकन कंट्री गायिका डॉली पार्टनची आहेत (कंट्री म्हणजे अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं लोकप्रिय संगीत). तिने ते 1973 मध्ये लिहिलं आणि स्वतःच्या आवाजात पहिल्यांदा गायलं. 'द बॉडीगार्ड' या चित्रपटासाठीचं व्हिटनीचं 1992 चं रेकॉर्डिंग हे त्याचं कव्हर, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याचं नवं रेकॉर्डिंग, आहे, आणि कालक्रमाने पाहिलं तर पहिलं कव्हरही नाही (प्रश्न 8 पाहा). गैरसमज होणं साहजिक आहे. मी स्वतः कॉलेजात असताना डॉलीचं रेकॉर्डिंग ऐकून "हिनेही बरं म्हटलंय" असा शेरा मारला होता. मित्रांनी तो बरीच वर्षं मला ऐकवला.

2. कुठल्या प्रियकराला सोडताना डॉलीने हे लिहिलं?

प्रियकराला सोडताना नाही, नोकरी सोडताना लिहिलं. पोर्टर वॅगनर हा नॅशव्हिलचा बडा कंट्री गायक. त्याचा टीव्हीवरचा साप्ताहिक कार्यक्रम अमेरिकेत घरोघरी पाहिला जायचा. 1967 मध्ये त्याने नवख्या डॉलीला त्या कार्यक्रमात घेतलं. पाच वर्षं राहायचं असं ठरलं होतं, ती सात वर्षं राहिली. तोवर तिची स्वतःची गाणी चालू लागली होती आणि तिला वेगळं व्हायचं होतं. वॅगनर काही केल्या ऐकेना, रोज वादावादी होत होती.

बोलून उपयोग नाही म्हटल्यावर डॉलीने घरी जाऊन हे गाणं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी वॅगनरच्या ऑफिसात बसून त्याला गाऊन दाखवलं. तिने अनेक मुलाखतींत सांगितल्याप्रमाणे वॅगनरच्या डोळ्यांत पाणी आलं. जा म्हणाला, पण एका अटीवर: हे गाणं मी रेकॉर्ड करवून घेणार. म्हणजे इंग्रजी पॉपमधलं बहुधा सर्वात प्रसिद्ध प्रेमगीत मुळात एक राजीनामा आहे, तोही मंजूर झालेला.

3. मग दोघांचं पुढे गोडीगुलाबीने निभावलं का?

लगेच नाही. डॉली 1974 मध्ये बाहेर पडली. 1979 मध्ये वॅगनरने कराराचा भंग झाला म्हणून तिच्यावर 30 लाख डॉलरचा दावा लावला. तो कोर्टाबाहेर मिटला. पुढे दोघांत समेट झाला. मे 2007 मध्ये ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या प्रसिद्ध कंट्री कार्यक्रमात वॅगनरला तिथे पन्नास वर्षं झाल्याबद्दल त्याचा सत्कार झाला, तेव्हा डॉलीने त्याला समोर बसवून हेच गाणं म्हटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो गेला.

4. पहिलं रेकॉर्डिंग कुठे झालं, आणि त्यात नेमकं काय ऐकू येतं?

जून 1973, नॅशव्हिलचा आरसीए स्टुडिओ बी. लेबलवर निर्माता म्हणून बॉब फर्ग्युसनचं नाव आहे. गाणं 'जोलीन' या अल्बममध्ये आलं आणि मार्च 1974 मध्ये सिंगल म्हणून निघालं. 'जोलीन' हे गाणंही त्याच सुमाराचं. दोन्ही गाणी एकाच कॅसेटवर सापडली, कदाचित एकाच दिवशी सुचली असतील, असं डॉली सांगते. तसं असेल तर तो दिवस फारच चांगला गेला म्हणायचा.

रेकॉर्ड तीन मिनिटांच्या आत संपते. गिटार मोकळ्या सुरांत एकेक तार छेडत चालते, मागे कोरस अगदी हळू. डॉली आवाज कुठेच चढवत नाही. कानोसा घेऊन ऐकण्यासारखी जागा म्हणजे तिसरं कडवं: ते ती गात नाही, बोलते. तुझं भलं होवो, तुला हवं ते मिळो, असा निरोपाचा आशीर्वाद आहे आणि तो शेजारी बसून सांगितल्यासारखा येतो. हे कडवं लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरून एक फोन होणार आहे.

5. डॉलीने स्वतः हे गाणं किती वेळा रेकॉर्ड केलं? स्वतःच्याच गाण्याला कव्हर म्हणतात का?

ठळक अशा तीन वेळा. 1974 चं मूळ सिंगल त्या वर्षी जूनमध्ये बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. 1982 मध्ये 'द बेस्ट लिटल व्होरहाउस इन टेक्सास' या चित्रपटासाठी तिने ते नव्याने गायलं. तेही ऑक्टोबर 1982 मध्ये कंट्री यादीत पहिलं आलं. एकाच गायिकेने एकच गाणं दोन वेगळ्या रेकॉर्डिंगांनी त्या यादीच्या शिखरावर नेण्याची ती पहिलीच वेळ. तिसऱ्यांदा 1995 मध्ये, व्हिन्स गिलबरोबर द्वंद्वगीत म्हणून. ते पंधराव्या क्रमांकापर्यंत गेलं.

मूळ कलाकाराने पुन्हा गायलं तर त्याला सहसा कव्हर म्हणत नाहीत, नवं रेकॉर्डिंग म्हणतात. जुने संग्रह विकत घेताना मात्र जपा. 'डॉलीची उत्तम गाणी' अशा नावाच्या संग्रहात 1974 चं आहे की 1982 चं, हे मुखपृष्ठावर बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं.

6. एल्विस प्रेस्लीने हे गायलं होतं म्हणतात. ते रेकॉर्डिंग कुठे मिळेल?

मिळणार नाही, कारण ते झालंच नाही. डॉलीचं सिंगल पहिल्या क्रमांकावर गेल्यावर एल्विसला ते गायचं होतं. तिला स्टुडिओत येण्याचं आमंत्रणही मिळालं होतं आणि ती हरखून गेली होती. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी एल्विसचा व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर याचा फोन आला: गाण्याच्या प्रकाशन हक्कांपैकी, म्हणजे प्रकाशकाला मिळणाऱ्या वाट्यापैकी (हिशेब प्रश्न 15 मध्ये), अर्धे आमच्या नावावर केल्याशिवाय एल्विस कुठलंही गाणं रेकॉर्ड करत नाही.

हा पार्करचा जुनाच खाक्या. 1950 च्या दशकापासून हिल अँड रेंज या प्रकाशन कंपनीच्या मदतीने एल्विसच्या नावाच्या प्रकाशन संस्था उघडल्या होत्या, आणि गीतकारांचा वाटा तिकडे वळवला जायचा. एल्विसने गायलं की लाखो प्रती खपणार, त्यामुळे बहुतेक गीतकार सही करून मोकळे होत.

डॉलीने नाही म्हटलं. गाणं आधीच गाजलेलं होतं, हक्क तिच्याकडे होते, आणि ते आपल्या घरच्यांसाठी ठेवायचे असं तिने ठरवलं होतं. त्या रात्री आपण रडून काढली, असं ती सांगते. लोक तिला वेड्यात काढत होते. या गाण्याच्या सगळ्या इतिहासात माझ्या मते याहून मोठं काही घडलेलं नाही: एक कागद, त्यावर न झालेली सही. पुढचं सगळं, अगदी व्हिटनीचं रेकॉर्डिंगसुद्धा, त्या कागदापाशी येऊन थांबतं.

7. पण अमेरिकन कायद्याप्रमाणे एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं कुणीही गाऊ शकतो ना? मग एल्विसला डॉलीचा होकार कशाला हवा होता?

कायद्याने नकोच होता. 1909 च्या अमेरिकन कॉपीराइट कायद्यापासून सक्तीच्या परवान्याची तरतूद आहे. गाणं मालकाच्या संमतीने एकदा रेकॉर्ड होऊन बाजारात आलं की दुसरा कुणीही रीतसर कळवून, ठरलेल्या दराने पैसे भरून ते रेकॉर्ड करू शकतो. मालक अडवू शकत नाही. तो दर 1909 पासून 1977 अखेरपर्यंत प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट इतकाच होता. डॉलीचं गाणं 1974 मध्ये बाजारात आलंच होतं. दोन सेंट मोजून एल्विस खुशाल गाऊ शकला असता.

म्हणजे अडवलं डॉलीने नाही, पार्करने. त्याची अट कायद्याची नव्हती, धंद्याची होती. दोन सेंट पूर्ण देण्यापेक्षा त्यातला काही भाग आपल्याच घरात परत यावा, एवढाच हिशेब. तो जमला नाही म्हणून गाणं सोडून दिलं. डॉलीच्या नकाराची गोष्ट सांगताना "तिने एल्विसला परवानगी नाकारली" असं लिहिलं जातं, ते चूक आहे. तिने मालकी नाकारली.

8. लिंडा रॉन्स्टॅटचं नाव या गोष्टीत मध्येच कसं येतं?

मध्येच नाही, अगदी मोक्याच्या जागी येतं. या अमेरिकन रॉक गायिकेने 1975 मध्ये 'प्रिझनर इन डिस्गाइज' या अल्बममध्ये हे गाणं घेतलं. निर्माता पीटर ॲशर. ते सिंगल म्हणून गाजलं नाही, पण कंट्रीच्या बाहेरच्या, रॉक ऐकणाऱ्या श्रोत्यांपर्यंत गाणं पहिल्यांदा पोचलं ते तिच्यामुळे. सतरा वर्षांनी व्हिटनीसाठी मांडणी करताना समोर ठेवलेली रेकॉर्डही डॉलीची नव्हती, लिंडाची होती.

आणि तिथेच मेख होती. लिंडाच्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटचं कडवं, म्हणजे डॉलीने बोलून म्हटलेलं ते कडवं, नाहीच. व्हिटनीच्या रेकॉर्डिंगचा निर्माता डेव्हिड फॉस्टर लिंडाची रेकॉर्ड धरून काम करतोय हे डॉलीला कळल्यावर तिने त्याला फोन केला, एक कडवं राहिलंय म्हणून सांगितलं आणि शब्द दिले. त्या कडव्याशिवाय गाण्याला अर्थ नाही असं तिचं म्हणणं होतं. तिचं खरंच आहे. ते काढलं तर उरते ती फक्त जाणाऱ्याची व्यथा. मागे राहणाऱ्याचं भलं चिंतणं सगळं त्या चार ओळींत आहे.

9. 'द बॉडीगार्ड'मध्ये हे गाणं कुणी सुचवलं?

चित्रपटाचा नायक आणि सहनिर्माता केव्हिन कॉस्टनर याने. आधी दुसरंच गाणं ठरलं होतं: जिमी रफिनचं 1966 चं 'व्हॉट बिकम्स ऑफ द ब्रोकनहार्टेड'. पण ते 'फ्राइड ग्रीन टोमॅटोज' या चित्रपटात वापरलं जातंय असं समजलं आणि ऐन वेळी पर्याय शोधावा लागला. कॉस्टनरने लिंडाची रेकॉर्ड आणून दिली. एका चित्रपटाने एक गाणं आधी उचललं नसतं, तर व्हिटनीचं नाव आज वेगळ्याच गाण्याशी जोडलेलं असतं.

10. सुरुवातीला एकही वाद्य का नाही? कल्पना कुणाची?

कॉस्टनरची. नायिकेचं, म्हणजे व्हिटनीच्या पात्राचं, नायकावर किती प्रेम आहे ते नुसत्या आवाजातून कळावं, साथीविना, असा त्याचा आग्रह होता. रेकॉर्ड कंपनीला हे पटत नव्हतं: रेडिओवर पहिल्याच क्षणी ठेका नाही म्हणजे लोक स्टेशन बदलणार. व्हिटनी आणि कॉस्टनर दोघंही अडून बसले आणि सुरुवात तशीच राहिली. सुमारे पाऊण मिनिट फक्त गळा.

प्रसंगाचं चित्रण मायामी बीचच्या फाउंटनब्लू हॉटेलच्या दालनात झालं. व्हिटनी तिथे खरोखर गायली, साथीला तिच्या नेहमीच्या दौऱ्यांतले वादक होते. ड्रमवर रिकी लॉसन, सॅक्सोफोनवर कर्क व्हेलम. हेडफोन लावून ती पहिली पंचेचाळीस सेकंदं ऐका. ओळीच्या शेवटी ती श्वास घेते तो ऐकू येतो, आणि पुढची ओळ सुरू व्हायच्या आधी पुरेसा थांबा असतो. ताल देणारं कुणी नाही, त्यामुळे किती थांबायचं हे तीच ठरवते. कव्हर करणारे बहुतेक जण तिथेच घाई करतात. तान घ्यायला शिकता येतं, थांबायला शिकणं अवघड.

11. शेवटी पट्टी बदलते म्हणतात. नेमकी कुठे? मला ती जागा सापडत नाही.

सॅक्सोफोनचा तुकडा संपला की शेवटच्या कडव्यानंतर सगळं शांत होतं. तीन मिनिटं उलटून गेलेली असतात. वाद्यं थांबतात, क्षणभर काहीच नाही, मग ड्रमचा एकच दणका आणि त्याबरोबर व्हिटनी मुखड्यावर येते. ती येते तीच वरच्या पट्टीत. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर पांढरी सहामधून थेट पांढरी सात. मध्ये जिना नाही, उडी आहे.

डॉलीच्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये असं शिखर नाही. तिथे सर्वात नाजूक जागा म्हणजे ते बोललेलं कडवं, आणि ते आवाज खाली आणतं. एकीचं गाणं उतरत उतरत निरोप घेतं, दुसरीचं चढत चढत. चाल तीच.

12. चित्रपटात हे गाणं दोनदा येतं, पण पहिल्यांदा पुरुषाच्या आवाजात. तो कोण?

जॉन डो, 'एक्स' या लॉस एंजेलिसच्या पंक बँडचा गायक. नायक-नायिका एका बारमध्ये नाचतात, तेव्हा मागे ज्यूकबॉक्सवर त्याच्या आवाजात कंट्री ढंगाचं हे गाणं वाजतं. नायिका त्याची थट्टाही करते. बहुतेक प्रेक्षकांना हे लक्षातच राहत नाही. पण शेवटी ती तेच गाणं गाते तेव्हा तो त्या रात्रीच्या नाचाचा धागा असतो. पटकथेच्या दृष्टीने गाणं दोनदा येणं गरजेचं होतं.

13. व्हिटनीचं गाणं किती आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं? कुठे 14 लिहितात, कुठे 10.

दोन्ही बरोबर आहेत, देश वेगळे. अमेरिकेत बिलबोर्ड हॉट 100 वर सलग 14 आठवडे, नोव्हेंबर 1992 च्या अखेरीपासून. ब्रिटनमध्ये 10 आठवडे. अमेरिकेतला तो तेव्हाचा विक्रम होता. आधीचा 13 आठवड्यांचा विक्रम बॉइज टू मेनचा, तोही काही महिन्यांपूर्वीचाच. पुढे मराया कॅरी आणि बॉइज टू मेन यांच्या 'वन स्वीट डे'ने 16 आठवड्यांनी तो मोडला.

आणखी एक गोंधळ: डॉलीचे "पहिले क्रमांक" कंट्री यादीतले आहेत, व्हिटनीचा सर्वसाधारण पॉप यादीतला. डॉलीचं 1982 चं रेकॉर्डिंग हॉट 100 वर 53 च्या वर गेलं नाही. दोन याद्यांची सरमिसळ करून "गाणं तीनदा एक नंबर" असं लिहिणं तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही, पण सफरचंदं आणि संत्री एकाच तराजूत टाकण्यासारखं आहे.

14. एवढं गाजूनही ऑस्कर कसं नाही मिळालं?

मिळूच शकत नव्हतं. ऑस्करचा गाण्यासाठीचा पुरस्कार चित्रपटासाठी खास लिहिलेल्या नव्या गाण्याला असतो. हे गाणं तेव्हा एकोणीस वर्षांचं होतं. त्याच चित्रपटातली 'आय हॅव नथिंग' आणि 'रन टू यू' ही दोन गाणी नामांकनात होती, कारण ती नवी होती.

ग्रॅमीतही हाच फरक दिसतो. 1994 च्या सोहळ्यात व्हिटनीला 'रेकॉर्ड ऑफ द इयर' मिळाला. तो रेकॉर्डिंगचा सन्मान, त्यात जुनं गाणं चालतं. 'साँग ऑफ द इयर' हा गीतकाराचा पुरस्कार, त्यात हे गाणं नव्हतं. दोन्ही नावं सारखी वाटतात, म्हणून "डॉलीलाही तेव्हा ग्रॅमी मिळालं असेल" असं लोक धरून चालतात. तिला मिळालं नाही. तिला मिळाले पैसे.

15. किती पैसे? आणि "अर्धे प्रकाशन हक्क" म्हणजे हिशेबात नेमकं किती?

विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे गाण्याच्या मालकाला ठरावीक रक्कम मिळते. 1992 मध्ये अमेरिकेतला कायद्याने ठरलेला दर एका गाण्याला 6.25 सेंट होता. म्हणजे दहा लाख प्रतींमागे 62,500 डॉलर. ही रक्कम रूढीप्रमाणे गीतकार आणि प्रकाशक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. डॉली स्वतःच गीतकार आणि प्रकाशन कंपनीही तिचीच, त्यामुळे दोन्ही वाटे घरातच. पार्करला अर्धे प्रकाशन हक्क दिले असते तर दर दहा लाखांमागे 15,625 डॉलर कायमचे गेले असते, म्हणजे एकूण रकमेचा पाव हिस्सा. हे फक्त विक्रीचे. रेडिओ, चित्रपट, टीव्ही यांचे पैसे वेगळे, आणि त्यांतूनही तसाच वाटा कापला गेला असता.

फोर्ब्सच्या अंदाजाप्रमाणे 1990 च्या दशकात या गाण्याने डॉलीला सुमारे एक कोटी डॉलर मिळवून दिले. 2021 मध्ये एका टीव्ही कार्यक्रमात तिने सांगितलं की व्हिटनीच्या रेकॉर्डिंगच्या पैशांतून तिने नॅशव्हिलमध्ये एका कृष्णवर्णीय वस्तीत कार्यालयांची जागा विकत घेतली. व्हिटनीने बांधलेलं घर, असं ती त्या जागेला कौतुकाने म्हणते.

16. रेडिओवर व्हिटनीचं रेकॉर्डिंग लागलं की पैसे कुणाला मिळतात?

अमेरिकेतल्या साध्या एएम-एफएम रेडिओवर लागलं तर गीतकार आणि प्रकाशकाला, म्हणजे डॉलीला. गायिकेला आणि रेकॉर्ड कंपनीला त्या वाजवण्याचे काहीच नाहीत. हा अमेरिकन कायद्याचा विचित्रपणा आहे. युरोपातल्या बऱ्याच देशांत गायकालाही वाटा असतो. 1995 नंतर उपग्रह आणि इंटरनेट रेडिओसाठी अमेरिकेतही गायकांना पैसे मिळू लागले, पण जुन्या रेडिओची रीत तशीच राहिली. 1992-93 च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या प्रत्येक स्टेशनवर दिवसभर व्हिटनीचा आवाज होता आणि त्या वाजण्याचं बिल डॉलीच्या नावे फाटत होतं. हिशेब बाकी तोच, प्रश्न 6 मधला.

17. आपलं गाणं दुसरीच्या नावावर झालं म्हणून डॉलीला वाईट वाटलं का?

उलट. ती गाडी चालवत होती, रेडिओवर गाणं सुरू झालं. पहिल्या ओळीला वाद्य नसल्यामुळे नेमकं काय लागलंय हे तिला कळेना. मुखडा आला आणि ती इतकी हेलावली की गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. ही आठवण तिने असंख्य वेळा सांगितली आहे. रेकॉर्डिंग होणार हे तिला माहीत होतं, पण तयार गाणं तिने त्याआधी ऐकलं नव्हतं.

18. व्हिडिओत व्हिटनी बराच वेळ खुर्चीत बसूनच का गाते?

ती गरोदर होती. मुलीचा जन्म मार्च 1993 मधला.

19. घटस्फोटाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना एल्विसने प्रिसिलाला हे गाणं म्हणून दाखवलं, हे खरं आहे का?

प्रिसिलाने आपल्याला असं सांगितलं, असं डॉलीने जाहीरपणे सांगितलं आहे. आठवण सुंदर आहे, पण तारखा अडतात. एल्विस आणि प्रिसिलाचा घटस्फोट ऑक्टोबर 1973 मधला. गाणं त्या जूनमध्ये रेकॉर्ड झालं होतं, पण बाजारात आलं 1974 मध्ये. आधी ऐकल्याशिवाय कुणी ते पायऱ्यांवर गुणगुणणार कसं? आठवणीत प्रसंग मागे-पुढे सरकतात, तसं इथे झालं असावं असं माझं मत आहे. एल्विसला गाणं आवडायचं, यात मात्र शंका नाही.

20. व्हिटनीनंतरची कुठली कव्हर्स ऐकण्यासारखी आहेत?

व्हिटनीनंतर लगेच, 1993 मध्ये, सारा वॉशिंग्टनने त्याला डान्सचा ठेका दिला. ब्रिटनमध्ये ते बाराव्या क्रमांकापर्यंत गेलं. निरोपाच्या गाण्यावर नाचायचं कसं, हा माझा प्रश्न अजून सुटलेला नाही. 11 फेब्रुवारी 2012 ला व्हिटनी गेली आणि दुसऱ्याच दिवशी ग्रॅमी सोहळ्यात जेनिफर हडसनने हे गायलं. तिने ते साधं ठेवलं, उंच जागा मुद्दाम टाळल्या. मला ते सर्वात प्रामाणिक वाटतं. त्या महिन्यात व्हिटनीचं मूळ रेकॉर्डिंगही पुन्हा हॉट 100 मध्ये आलं आणि तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं.

विचित्र वापरांत इराकचा क्रमांक वर लागेल: 2002 च्या सार्वमताच्या वेळी सद्दाम हुसेनच्या प्रचारात हे गाणं वाजवलं गेलं. निरोपाचं गाणं, आणि खुर्ची न सोडणाऱ्याच्या प्रचाराला.

टीव्हीवरच्या गायन स्पर्धांतली कव्हर्स मोजण्यापलीकडची आहेत. त्यांतली बहुतेक व्हिटनीची नक्कल करतात आणि पट्टीबदलापाशी दमतात.

21. मग लग्नात हे गाणं लावावं की नाही?

शब्द नीट ऐका, मग ठरवा. मी थांबले तर तुझ्या वाटेत येईन, म्हणून जाते, असं त्यात म्हटलं आहे.

22. मला याचं कव्हर करून व्हिडिओ टाकायचा आहे. प्रश्न 7 मधला परवाना पुरतो का?

फक्त आवाजाचं रेकॉर्डिंग अमेरिकेत विकायचं असेल तर पुरतो. त्या परवान्यात मांडणी आपल्या ढंगाने करता येते, पण मूळ चाल किंवा गाण्याचा गाभा बदलता येत नाही, शब्दांचं भाषांतरही त्यात बसत नाही. चित्र जोडलं की तो परवाना संपतो. चित्रपट असो वा घरच्या खोलीतला व्हिडिओ, गाणं चित्राला जोडण्यासाठी मालकाची वेगळी संमती लागते आणि तिथे मालक नाही म्हणू शकतो. मोठ्या व्हिडिओ मंचांनी प्रकाशकांशी करार केलेले असतात, म्हणून बरीच कव्हर्स तिथे टिकतात आणि जाहिरातींचे पैसे मूळ मालकाकडे वळतात. दुसऱ्या देशांत नियम वेगळे आहेत, आपल्याकडचे तपासून घ्या.

23. सगळी ऐकायला वेळ नाही. एका बैठकीत ऐकायची तर कोणती, कोणत्या क्रमाने?

आधी डॉली 1974, मग लिंडा 1975, मग व्हिटनी 1992. तिन्ही मिळून पाव तासही लागत नाही. लिंडाच्या रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्या मुखड्यानंतर कान आपोआप त्या बोललेल्या कडव्याची वाट पाहतो आणि ते येत नाही. त्यानंतर व्हिटनी ऐकताना सॅक्सोफोन थांबला की ते कडवं येतं. या वेळी गाऊन.